रंगीत अक्षरांचा हट्ट आणि उघडं दार

मंडळी, एक तक्रार सारखी कानावर येते. "मजकूर आमचा, मग साइटवर लिहिताना एचटीएमएल का वापरू देत नाहीत? अक्षर ठळक केलं, रंग दिला तर यांचं काय जातं? ही गळचेपीच आहे!"

गळचेपी वगैरे काही नाही हो. सातबारा आठवा. फेरफारासाठी तुम्ही अर्ज करता, नोंद अधिकारी करतो. उद्या दप्तर आणि पेन प्रत्येकाच्या हाती दिलं, तर लोक फक्त अक्षर सुधारून थांबतील का? कुणाची जमीन कुणाच्या नावावर जाईल, पत्ता लागायचा नाही.

एचटीएमएलचं तेच. ज्या कंसाच्या खुणेने अक्षर ठळक होतं, त्याच खुणेने स्क्रिप्टही सुरू होते. कुठली खूण साइटवाल्याची आणि कुठली एखाद्या भामट्याची, हे ब्राउझरला कळत नाही. आणि ती स्क्रिप्ट चालते वाचणाऱ्याच्या लॉगिनवर. म्हणजे पोस्ट तुम्ही नुसती वाचली, तरी उद्योग तुमच्या नावावर!

घडलंय हे. मायस्पेसवर प्रोफाइल सजवायला एचटीएमएलची मुभा होती. स्क्रिप्ट गाळली जायची, पण गाळणीला भोकं होती. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या १९ वर्षांच्या पोराने 'जावास्क्रिप्ट' हा शब्द मधेच तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो दिसला नाही, काही ब्राउझरनी मात्र जोडून वाचला. त्याचं प्रोफाइल जो बघेल, त्याच्याकडून सॅमीला आपोआप मैत्रीची विनंती जायची आणि तोच कोड बघणाऱ्याच्या प्रोफाइलवरही चिकटायचा. २० तासांत दहा लाखांहून जास्त खाती! साइट बंद ठेवावी लागली. सॅमीने गंमत केली होती. त्याच्या जागी चोर असता तर?

मग ठळक अक्षरं विसरायची? मुळीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाका, शब्द ठळक होतो. मोजक्या खुणांना परवानगी, बाकी सगळं साधा मजकूर म्हणून दाखवायचं. हा सरळ मार्ग आहे.

पण दुसरं टोकही आहे. काही फॉर्म पत्त्यातली तिरकी रेघसुद्धा घेत नाहीत. घर नंबर १२/३ असलेल्या माणसाने करायचं काय? याला सुरक्षा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. अक्षरं नाकारू नका, दाखवताना ती निरुपद्रवी करा. एवढं काम प्रोग्रामरला यायलाच हवं.

म्हणून राग योग्य जागी काढा. सरकारी संकेतस्थळं सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासून घ्यायची असतात. ज्या साइटवर आपण आधार नंबर आणि बँक खातं भरतो, तिची शेवटची तपासणी कधी झाली, एवढी तारीख माहिती अधिकारात विचारा. रंगीत अक्षरांसाठी भांडणारे आपण, ही तारीख कधी विचारली का?