खुल्या गटातल्या मुली

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसरा तिने काळी मोहरी घेऊन जिंकला. या विजेतेपदासोबत तिला ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. एरवी त्यासाठी तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धांतली ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि २५०० गुणांकन लागते. महिला ग्रँडमास्टर या वेगळ्या किताबाला २३०० पुरते. दोनशे गुणांचा हा फरक सवलत म्हणून ठीक आहे. मुली तिथेच थांबाव्यात असे वातावरण मात्र आपणच तयार करतो.

मुलींनी खुल्या स्पर्धांत खेळावे का, हा वाद जुना आहे. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली सुरू झाली ती वासंती खाडिलकरच्या विजयाने. पुढची दहाएक वर्षे हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या बहिणींच्या घराबाहेर फारसे गेले नाही. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या पणत्या. रोहिणी १९७६ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली आणि पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. त्यावरून गदारोळ झाला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत. १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

पूर्वेकडच्या 'गो' या खेळात हाच प्रश्न अधिक कठोरपणे पुढे आला. १९ बाय १९ रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी हा खेळ खेळतात. चीनची रुई नाइवेई १९८८ मध्ये सर्वोच्च नववी श्रेणी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. नंतर तिने देश सोडला. जपानमध्ये तिला व्यावसायिक स्पर्धा खेळता आल्या नाहीत, म्हणून ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. १९९९ मध्ये कोरियाने तिला सामावून घेतले आणि पुढच्याच वर्षी तिने 'गुकसू' हा तिथला मानाचा खुला किताब पटकावला. वाटेत ली चांग-हो आणि अंतिम लढतीत चो हुन-ह्यून, म्हणजे त्या काळातले दोन दिग्गज, तिने हरवले. कोरियात तिला कुणी सूट दिली नव्हती, फक्त समोर बसू दिले होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या वडगावला खेटून असलेले शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होते. त्याच सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाची परंपरा उभी केली आणि स्वाती घाटे हिच्यासारखी महिला ग्रँडमास्टर तिथूनच आली. आपल्याकडच्या स्पर्धांत मात्र 'उत्तेजनार्थ – मुली' असा एक चषक ठेवला की आयोजकांचे कर्तव्य संपते. मुलीही तो घेऊन घरी जातात. पुढच्या वर्षी त्यांतल्या निम्म्या दिसत नाहीत. दहावी आली, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या फेऱ्या आल्या, सोबतीला कोण जाणार हा प्रश्न आला. (मुलग्याच्या बाबतीत तो घरात कुणी विचारत नाही.)

मुलींचा चषक जरूर ठेवा. पण वडगाव-शहापूरच्या मंडळांनी आणि शाळांनी यंदाच्या स्पर्धेत मुलींची नावे खुल्या गटातच नोंदवावीत, शेवटची फेरी दिवेलागणीपूर्वी संपवावी आणि प्रवेशपत्रिकेवर तसे आधीच छापावे.