गोळ्या चालू आहेत, रक्त वाढत नाही

२०१९ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं ते ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्यांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं अशी तक्रार घेऊन गेलेल्या कित्येक जणींना धड तपासणी न होताच ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकवलं गेलं. शस्त्रक्रिया झाली, पण दुखणं कशाचं हे कुणी शोधलंच नाही.

त्या बायकांना सिलिॲक होता असं मी मुळीच म्हणत नाही. मला त्या आकड्यांत दिसते ती आपल्याकडची जुनी सवय: बाईच्या दुखण्याला उपाय लगेच सांगायचा, कारण मात्र विचारायचं नाही. ही सवय असेल तिथे सिलिॲकसारखा आजार वर्षानुवर्षं सापडत नाही.

सिलिॲक म्हणजे काय, तर गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे काही माणसांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याचं अस्तर झिजतं आणि, आपल्याकडच्या भाषेत, खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही त्याची पुस्तकी लक्षणं. पण कित्येकांना ती नसतातच. मुलाची उंची खुंटते, मुलीची पाळी उशिरा येते, तोंड सारखं येतं, हाडं ठिसूळ होतात, मूल राहत नाही. आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे रक्त कमी होतं आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही. ज्या आतड्याने लोह शोषायचं तेच आजारी असल्यावर गोळी काय करणार?

बीडमधली खरी अडचण इथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के. निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असेल, तर एखादीचंच का वाढत नाही हे कोण विचारणार? आशाताई गोळ्यांची पाकिटं देतात, पुढच्या महिन्यात आणखी देतात. हिमोग्लोबिन सातावरच. मग बोल तिलाच: गोळ्या खात नसशील, पालेभाजी खात नसशील, पाळीला जास्त जात असेल. बहुतेकींच्या बाबतीत यातलं काहीतरी खरंही असतं, आणि म्हणूनच जिचं कारण वेगळं आहे ती त्या गर्दीत दिसत नाही. माझ्या केज तालुक्यातल्या मामेबहिणीचं असंच झालं. लग्नाआधी सुरू झालेल्या गोळ्या तिची मुलगी शाळेत जाऊ लागली तरी चालूच होत्या. रक्ताची एक साधी चाचणी तिला तोवर कुणी सुचवली नव्हती.

‘हा पंजाब-हरियाणाचा आजार, आपण भाकरी खाणारी माणसं’ हे उत्तर मी डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. त्यात अर्धं तथ्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं असण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण आजाराला लागणारी जनुकं तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात होती, फरक मोठा होता तो रोजच्या गव्हात. म्हणजे आपल्या रक्तात संरक्षण आहे असं मानायला आधार नाही. जे काही संरक्षण होतं ते ताटातल्या ज्वारी-बाजरीचं असावं, आणि ते ताट आता बदललं आहे. बीडच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि ऊस वाढला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचा गहू दोन रुपये किलो झाला, २०२३ पासून फुकट मिळू लागला. उपाशी घराला धान्य मिळालं याचा मला आनंदच आहे. पण पूर्वी सणावारी होणारी पोळी रोजची झाली, आणि सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आला, हेही खरं.

आता आपण मराठी माणसं राहतो त्या ब्रिटनकडे बघू. इथेही लक्षणं सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी तेरा वर्षं जातात, असं सिलिॲक रुग्णांची संस्था सांगते. १९९३ साली लेस्टरमधल्या अभ्यासात पंजाबी कुटुंबांत हा आजार युरोपीयांपेक्षा जास्त आढळला होता, तरी ‘हा गोऱ्यांचा आजार’ ही समजूत जात नाही. आणि आपण स्वतः काय करतो? पोट बिघडलं की कुणाचं तरी ऐकून गहू बंद करतो. बरं वाटतं, मग तपासणी राहूनच जाते. पुढे कधी चाचणी केलीच तर ती खोटा दिलासा देते, कारण रक्तातली प्रतिपिंडं गहू पोटात जात असतानाच सापडतात. इथले डॉक्टर चाचणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावं, असं सांगतात ते यासाठी. आधी तपासणी, मग पथ्य. ज्यांची चाचणी आणि आतड्याचा तुकडा दोन्ही निर्दोष निघतात आणि तरी गव्हाने त्रास होतो, अशीही माणसं आहेत. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी नाही, म्हणून तर सिलिॲक नाही ना हे आधी पाहणं जास्त गरजेचं.

निदान झाल्यावरचं पथ्य आयुष्यभराचं आणि कडक. खपली गहू हाही गहूच. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. गावच्या गिरणीत गव्हामागोमाग दळलेली ज्वारीही सुरक्षित नाही. हे समजावून सांगणारं माणूस नसेल तर नुसत्या रिपोर्टाचा उपयोग नाही. पण बीडच्या बाईला भाकरी नव्याने शिकायची नाही, भगर आणि राजगिरा तिच्या घरात आहेतच. इथे आपण ग्लुटेनविरहित पावासाठी जे पैसे मोजतो त्यापेक्षा तिचं पथ्य स्वस्त आहे. फक्त आजाराचं निदान वेळेत व्हायला हवं.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. नियमाने तीन महिने लोह घेऊनही जिचं रक्त वाढत नाही, ज्या मुलाची वाढ खुंटली आहे, ज्याला टाइप १ मधुमेह आहे, आणि सिलिॲक रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं, यांची टीटीजी आणि एकूण आयजीए ही सिलिॲक शोधणारी रक्ततपासणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी. ती दसऱ्याआधी व्हावी. एकदा कोयता घेऊन जोडपं कारखान्याच्या फडावर गेलं की दवाखान्याचा प्रत्येक दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो.

इथलं आपलं मंडळ दरवर्षी दिवाळीत गावाकडच्या कामासाठी निधी गोळा करतं. यंदा त्यातला काही भाग या चाचण्यांसाठी आणि अंबाजोगाईत एका आहारतज्ज्ञाच्या वर्षभराच्या पगारासाठी द्यावा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी आधी माझ्याशी बोलावं. तिथल्या प्रयोगशाळेला नेमकं काय लागेल याची यादी मला सभेपूर्वी हवी आहे.