वाजवणारा कुठे आहे?

असरची नमाज झाली की मस्तान नाक्यावर चहाला जायची माझी जुनी सवय आहे. चहा घरीही मिळतो, पण घरी माणसं बघायला मिळत नाहीत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आमच्या मनोरला घासून जातो, एक रस्ता पालघरकडे वळतो, दुसरा वाड्याकडे. अर्धा तास बसलं तरी गुजरातकडचे ट्रकवाले, बोईसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले कामगार, कॉलेजची पोरं आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या वारली बाया, सगळे दिसून जातात. तिकीट न काढता बघायचा हा माझा सिनेमा.

गेल्या पावसाळ्यात नाक्याजवळच्या एका हॉटेलवाल्याने आतली भिंत सजवून घेतली. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं. रंगवलेली नव्हेत, छापील कागद आणून चिकटवलेला. मधोमध तारपा नाचाचा मोठा फेर. बाहेर कंटोळी विकायला बसणारी एक मावशी पाणी प्यायला आत आली. ग्लास हातात धरून तिने भिंतीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "नाचतात सगळी, पण वाजवणारा कुठं हाय?"

मी नीट बघितलं. फेराच्या मधोमध हात धुवायच्या बेसिनचा आरसा बसवलेला. तारपा वाजवणारा नेमका त्या आरशाखाली गेला होता. त्या भिंतीखाली मी महिनाभर चहा पीत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हे साधं नाही. तारप्याच्या नाचात वाजवणारा म्हणजे बाजूला बसलेला बँडवाला नसतो. भोपळा आणि बांबूचं ते लांब वाद्य फुंकत तो पुढे चालतो, त्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. तो काढला तर उरते ती नुसती कवायत. आणि ही चित्रं तरी मुळात हॉटेलसाठी कुठे होती? लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगात नेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. आज वारली चित्र पडद्यावर, चादरीवर, चहाच्या कपावर आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले, वर गोल डोकं काढलं की झाला वारली. वारली माणूस मात्र हॉटेलच्या बाहेर, पाटी घेऊन.

मला हे लागलं त्याला माझं स्वतःचं एक कारण आहे. त्याच आठवड्यात पालघरहून एसटीने येत होतो. शेजारचा तरुण मोबाइलवर एक हिंदी सिनेमा बघत होता. पडद्यावर डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, खांद्यावर चौकड्याचा रुमाल घातलेला एक इसम दर दोन वाक्यांमागे 'जनाब' म्हणत होता. तरुणाने माझ्या टोपीकडे बघितलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "चाचा, तुमच्यात घरी असंच बोलतात का?" मी म्हटलं, "बाळा, आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं की मराठीतच भांडण होतं." तो हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, आपलंही दोन त्रिकोण आणि एक गोल डोकंच झालं आहे.

हिंदी सिनेमातला मुसलमान एक तर नवाब, नाही तर कव्वाल, नाही तर बंदूकवाला. आणि मराठी सिनेमात तर तो क्वचितच दिसतो. भात लावणारा, ग्रामपंचायतीत उभा राहणारा, मुलीच्या दहावीच्या निकालाने रात्रभर न झोपणारा मराठी मुसलमान मी पडद्यावर शोधत असतो. असं काही जमतच नाही असं नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांनी 1961 च्या 'प्रपंच'मध्ये गरीब कुंभार उभा केला. 'गर्म हवा'मध्ये बलराज साहनींनी आग्र्याचा सलीम मिर्झा केला. दोघांनीही दुसऱ्या धर्माचा माणूस साकारला, पण आधी माणूस समजून घेतला. म्हणून माझा आक्षेप दुसऱ्याने आपलं चित्र काढण्याला नाही. न विचारता, न बघता काढण्याला आहे.

इथे आपल्या लोकांनाही दोन शब्द. आपण तक्रार करतो की आम्हाला कोणी ओळखत नाही. आपण शेजाऱ्याला किती ओळखतो? माझ्या घरातल्या दिवाणावर वारली छापाची चादर आहे. कुणी काढलं, फेर कशाचा, मी कधी विचारलं नव्हतं. त्या मावशीकडून मी किती पावसाळे भाजी घेतो, तिचा पाडा कुठला हेही त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. सिनेमावाल्याने माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी करत होतो.

1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते आपली गोष्ट आपण आपल्या भाषेत सांगावी म्हणूनच. लिहिणारे लिहीत आहेत. आता आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. दुसऱ्यांच्या गाण्यावर ओठ हलवण्यापेक्षा त्यांनी आजीची बोली, मोहल्ल्यातलं लग्न, शेजारच्या पाड्यावरचा तारपा टिपावा. आधी परवानगी घ्यावी, नाव विचारावं, आणि ते नाव खाली लिहावं.

हॉटेलवाल्याला मी आरशाचं सांगितलं. तो म्हणाला, "कोण बघतंय एवढं?" मी बाहेर बोट दाखवलं. मावशी कंटोळ्यांचे वाटे लावत होती. आरसा अजून तिथेच आहे. मी मात्र रोज चहा घेताना त्याला तेच विचारतो, आणि कंटाळून एक दिवस तो तो आरसा हलवील अशी मला उमेद आहे.