घर आणि यंत्र : सामाईक कोठाराच्या किल्ल्या

आमच्या वाचकांच्या पत्रांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार येत असतो. घरात मोबाइल चार, संगणक दोन. मुंजीची, बारशांची, लग्नांची छायाचित्रे नेमकी कोणाच्या यंत्रात आहेत याचा थांगपत्ता नाही. आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण एका जुन्या संगणकात अडकून पडलेले, आणि तो संगणक सुरू होण्याचे नाव घेत नाही. हे सारे एका ठिकाणी आणावे आणि घरातील प्रत्येकाला ते आपापल्या यंत्रावरून पाहता यावे, अशी काही सोय आहे काय? सोय आहे. तिचे नाव ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’. बोलण्यात तिला ‘नॅस’ म्हणतात. तिची माहिती आम्ही येथे देणारच आहोत. तथापि आमचे मुख्य सांगणे निराळे आहे. ही पेटी विकत आणणे सोपे. तिच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात हे ठरविणे अवघड, आणि बहुधा तेच ठरवावयाचे राहून जाते.

नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसविण्यासाठी दोन, चार वा अधिक कप्पे असलेली लहानशी पेटी. तिला पडदा नाही, कळफलक नाही. घरातील वाय-फायच्या राउटरला ती तारेने जोडली, की त्या जाळ्यावरील यंत्रांना ती दिसू लागते. साधी बाहेरची हार्ड डिस्क एका वेळी एकाच संगणकाची चाकरी करते. ही पेटी एकाच वेळी अनेकांची करते. कल्पनाही काही कालची नव्हे. दुसऱ्या संगणकावरची फाइल जणू आपल्याच यंत्रावर आहे अशा रीतीने उघडण्याची ‘एसएमबी’ ही पद्धत आयबीएममधील बॅरी फाइगेनबाउम यांनी 1983 च्या सुमारास आखली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये ‘एनएफएस’ ही तशाच हेतूची दुसरी पद्धत पुढे आणली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 च्या सुमारास ‘सांबा’ ही प्रणाली तयार करून सर्वांना मोकळी केली. आज अनेक घरगुती पेट्या विंडोजच्या संगणकांशी बोलतात त्या ह्या सांबाच्याच आधाराने.

पेटी जोडताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली पत्त्याची. राउटर प्रत्येक यंत्राला तात्पुरता क्रमांक देत असतो. तो बदलला की काल सापडणारी पेटी आज सापडेनाशी होते, आणि घरात ‘कोणी काय बिघडविले’ असा वाद सुरू होतो. राउटरमध्ये एखाद्या यंत्रासाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवण्याची सोय बहुधा असते. तिचा उपयोग करावा. दुसरी गोष्ट वेगाची. ताशी, दिवसाकाठी किती मजकूर सरकेल हे तारेवर आणि राउटरवर अवलंबून असते. गिगाबिट वेगाच्या तारेतून सेकंदाला सुमारे 110 मेगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटचा साठा साधारण अडीच तासांत पेटीत उतरतो. राउटर जुना, 100 मेगाबिटचा असेल, तर त्याच कामाला जवळजवळ एक अहोरात्र लागते. पहिली भरणी म्हणूनच तारेने करावी. वाय-फाय नंतरच्या नित्याच्या ये-जा करण्यापुरते पुरते.

आता किल्ल्यांकडे वळू. अनेक घरांत असे दिसते की पेटी आणणारा तरुण मुलगा एकच खाते उघडतो, त्याचा पासवर्ड सर्वांना सांगतो आणि काम झाले असे समजतो. यात सोय आहे, पण सुरक्षितता नाही, आणि मर्यादाही नाही. नातवाने खेळता खेळता एक फोल्डर पुसले तर ते कोणी पुसले हेही कळत नाही. वास्तविक प्रत्येक माणसास स्वतंत्र खाते देता येते, आणि प्रत्येक फोल्डरपुरता त्याचा अधिकार वेगळा ठेवता येतो : कोणास केवळ पाहण्याचा, कोणास लिहिण्या-पुसण्याचाही, कोणास मुळीच नाही. कुटुंबाची छायाचित्रे सर्वांनी पाहावीत. परंतु ती लावण्याची व गाळण्याची जबाबदारी एका-दोघांवरच असावी. नवीन छायाचित्रे टाकण्यासाठी एक वेगळे फोल्डर सर्वांना खुले ठेवावे; तेथून निवड करून ती मूळ संग्रहात हलवावीत. मुलांना संग्रह पाहण्यापुरताच खुला असावा.

आणि खाजगी कप्प्याचे काय? एकत्र कुटुंबात हा प्रश्न नाजूक असतो. सुनेला आलेले पत्र सासऱ्यांनी फोडू नये, हा संकेत सुसंस्कृत घरांनी पूर्वीही पाळला. पेटीतही प्रत्येक प्रौढ व्यक्तीस, मग ती सून असो, अविवाहित आत्या असो वा सासरी गेलेली लेक असो, स्वतःचा असा कप्पा असावा आणि तो इतरांस बंद असावा. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पेटीचा जो प्रशासक, ज्याला सारे ‘ॲडमिन’ म्हणतात, त्याला सामान्यतः कोणताही कप्पा उघडता येतो. वेगळा सांकेतिक शब्द घालून कप्पा कुलूपबंद केला असेल तरच त्याला अटकाव होतो. तेव्हा प्रशासक कोण, हा प्रश्न यंत्रज्ञानाचा कमी आणि विश्वासाचा अधिक आहे. प्रशासकानेही नित्याच्या कामासाठी आपले साधे खातेच वापरावे. मोठी किल्ली केवळ व्यवस्थेच्या कामासाठी काढावी.

आतल्या माणसांनंतर बाहेरच्यांचा विचार. घरी आलेल्या पाहुण्यास वाय-फायचा पासवर्ड देणे हा आता आतिथ्याचाच भाग झाला आहे. त्यासाठी राउटरवरील पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू करावे, म्हणजे त्यांच्या मोबाइलला पेटी दिसणार नाही. खाते नसलेल्या कोणासही आत घेणारा ‘गेस्ट’ प्रवेश पेटीत बंद ठेवावा. ‘एसएमबी’ची पहिली, जुनी आवृत्तीही बंद करावी. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची जी खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली, ती विंडोजमधील याच जुन्या आवृत्तीच्या दोषातून शिरली. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले.

परगावी वा परदेशी असलेल्या मुलांना घरची पेटी पाहता यावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण सर्वांत मोठा धोका येथेच असतो. त्यासाठी राउटरचे दार सरळ इंटरनेटकडे उघडून ठेवण्याचा मोह टाळावा. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या अनेकांच्या घरी दूरवरून रिकाम्या करण्यात आल्या. त्यांच्या आज्ञावलीची शेवटची सुधारणा 2015 मधली होती. जानेवारी 2022 मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या इंटरनेटकडे उघड्या असलेल्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाहेरून यावयाचेच असेल तर ‘व्हीपीएन’चा बंद मार्ग वापरावा, पेटीची आज्ञावली वेळच्या वेळी सुधारून घ्यावी, आणि कंपनीने सुधारणा देणे थांबविले की त्या पेटीला बाहेरचे जग दाखवू नये.

दोन डिस्कवर एकच मजकूर उमटविणारी ‘रेड’ ही योजना पुष्कळांना अभय वाटते. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये या कल्पनेला नाव आणि शास्त्र दिले. एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही, हा तिचा गुण. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा झटका, चोरी, पूर यांपासून ती काहीच वाचवीत नाही. म्हणून जाणकार तीन-दोन-एक हा नियम सांगतात : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे बहिणीच्या कपाटातील एक साधी हार्ड डिस्कही चालेल. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी ती आणून भरली पाहिजे. पेटीला यूपीएस जोडावा, हे आमच्या वीजपुरवठ्याचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नकोच.

शेवटची गोष्ट अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. प्रशासक मुलगा नोकरीनिमित्त दूर देशी गेला, किंवा ज्यांच्या एकट्याच्या स्मरणात पासवर्ड होता ते गृहस्थच निवर्तले, तर पेटी सुखरूप असूनही घराला परकी होते. कुलूपबंद कप्प्याचा सांकेतिक शब्द हरवला तर तो उघडून देणारा कारागीर कोठेही मिळत नाही. आमची विनंती अशी : एखाद्या रविवारी घरातील सर्व प्रौढ माणसांनी, स्त्रियांसह, एकत्र बसावे. फोल्डर कोणते, पाहणार कोण, लिहिणार कोण, दुसरी प्रत कोठे, हे एका कागदावर उतरावे. प्रशासक दोन नेमावेत, आणि त्यांतील एक तरी पुढच्या पिढीतला असावा. पासवर्डचा कागद लिफाफ्यात बंद करून मृत्युपत्राशेजारी ठेवावा. तो लिफाफा कोठे आहे, एवढे मात्र घरातील किमान दोघांना तोंडपाठ असले पाहिजे.