दयाळ की चिरक?

दोस्तांनो, वार्षिक परीक्षेसाठी पहाटे उठणार असाल, तर एक कान खिडकीकडे असू द्या. मार्च लागला की कडुनिंबाच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या तारेवर बसून एक काळा-पांढरा पक्षी गोड शीळ घालू लागतो. तोच दयाळ. अमरावती-अकोल्याकडे परसात मोठं झाड असलं की हा हमखास येणार. मधूनच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो बेटा! या गाण्यापायीच सिंगापुरात त्याला पिंजऱ्यासाठी इतकं पकडलं, की १९८०च्या सुमाराला तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला होता. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे.

आता शेताकडे चला. धुऱ्यावरच्या दगडावर, पडक्या गढीच्या भिंतीवर शेपटी उभारून टुणटुण उड्या मारणारा काळा पक्षी दिसला, की पुष्कळजण त्यालाही दयाळच म्हणतात. तो चिरक! दयाळ बुलबुलाएवढा, चिरक चिमणीहून जरासाच मोठा. दयाळाचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटीच्या कडाही पांढऱ्या. चिरकाच्या पंखावर पांढरा डाग तेवढा, आणि शेपटीखाली विटकरी रंग. शेपटी सदा वर, त्यामुळे तो लगेच दिसतो. माद्या ओळखताना मात्र घोटाळा होतो. दयाळाची मादी काळ्याच्या जागी राखाडी असते. चिरकाची मातकट, तिच्या पंखावर पांढरं काहीच नाही.

चिरकाही गातो, पण थोडकंच.

घरटं दोघांनाही भोकात लागतं. दयाळ झाडाची ढोली किंवा भिंतीतलं भोक बघतो. चिरकाला मातीची भिंत, दगडांची फट, फेकलेला डबासुद्धा चालतो. अडचण अशी, की पावसाळ्याआधी आपण भिंती लिंपतो, भोकं बुजवतो, आणि नेमका तोच यांचा विणीचा हंगाम! गवंडी येण्याआधी लांब उभं राहून अर्धा तास पाहा. चोचीत अळी धरून कोणी आत शिरलं, तर आत पिल्लं आहेत. अंड्यापासून उडेपर्यंत सारे मिळून जेमतेम चार आठवडे लागतात. तेवढं एक भोक तोवर राहू द्या, म्हणून बाबांना सांगून बघा.

आणि हो, चिरकाच्या घरट्यात सापाची कात दिसली तर घाबरू नका. साप तिथे आला होता असं नाही. गवत-केसांसोबत तीही चिरकच वेचून आणतो.