हमी सरकारची, मग जामीनदार कशाला?

मुद्रा योजना २०१५ पासून चालू आहे. सलून, शिलाई, मोबाईल दुरुस्ती, पंक्चर काढणारे, सगळ्यांसाठी विनातारण कर्ज. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. कर्ज बुडालंच तर बँकेला आधार म्हणून सरकारचा हमी निधीही आहे.

मग आमच्याकडच्या शाखेत साहेब एफडी आणि सरकारी नोकरीतला जामीनदार का मागतात? अहो, घरात सरकारी नोकरी असती तर पोरगं ५० हजारांसाठी तुमच्या दारात आलं असतं का? हमी सरकारची घ्यायची आणि तारण गरिबाकडून, हा कुठला न्याय?

मित्रांनो, तोंडी 'नाही' ऐकून माघारी फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे.