मी तेव्हाच म्हटलं होतं!

मुंबई इंडियन्सचा विषय निघाला की आमच्या खामगावकडच्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते: "आपल्या अमरावतीचं पोरगं हातात होतं, अन् सोडून देलं नं राजेहो!"

पोरगं म्हणजे जितेश शर्मा. २०१६ आणि २०१७ मध्ये तो मुंबईच्या ताफ्यात होता आणि एकही मॅच न खेळता बाहेर पडला. २०२२ साठी पंजाबने त्याला २० लाखांत घेतलं, २०२५ साठी बंगळुरूने ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध २२८ चा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या, आणि आठवड्याभरात बंगळुरूने पहिल्यांदा कप उचलला. झालं! तेव्हापासून पारावरचा प्रत्येक जण निवड समितीचा अध्यक्ष.

पण जरा २०१७ मध्ये जाऊन बघा. मुंबईकडे तेव्हा पार्थिव पटेल होता, जोस बटलर होता, आणि त्या वर्षी कपही त्यांनीच जिंकला. अशा टीममध्ये विदर्भाच्या नवख्या कीपरला जागा मिळाली नाही, यात चूक कसली? आज जितेश मोठा झाला म्हणून तेव्हाचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

मग मुंबईचं कधी चुकलंच नाही का? चुकलं की! फेब्रुवारी २०२२ चा लिलाव आठवा. रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना राखण्यात ९० पैकी ४२ कोटी आधीच गेले होते. उरलेल्या ४८ कोटींतले सव्वापंधरा इशान किशनला आणि ८ जोफ्रा आर्चरला. आर्चर दुखापतीमुळे त्या हंगामात खेळणार नाही, हे लिलावाआधीच जाहीर होतं. म्हणजे जवळपास निम्मी थैली दोघांवर रिकामी, आणि त्यातला एक मैदानाबाहेर! त्याच लिलावात मुंबईचाच जुना ट्रेंट बोल्ट ८ कोटींतच राजस्थानला गेला. पुढे मुंबई पहिल्या आठही मॅच हरली आणि तळाला राहिली. पण माझा मुद्दा तळाचा नाहीच. ते समजा पाचवे आले असते, तरी हा हिशोब कच्चाच होता. कारण जे कळायला हवं होतं, ते त्या दिवशी समोर दिसत होतं.

हार्दिक पंड्याचं उलटं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला गुजरातकडून परत आणलं. २०२४ मध्ये टीम पुन्हा तळाला, वानखेडेवर हुर्यो. २०२५ मध्ये तोच कॅप्टन, आणि टीम फायनलपासून एक पाऊल दूर. मग ट्रेड चांगला की वाईट? निकालावर मोजाल तर दरवर्षी उत्तर बदलेल. खरं तर यात निर्णय दोन होते: फास्ट बॉलिंग टाकणारा ऑलराउंडर घेणं, आणि रोहितकडून कप्तानी काढून त्याला देणं. लोकांचा राग दुसऱ्यावर होता, शिव्या मात्र पहिल्याला बसल्या.

असो. क्रिकेटमध्ये हे चालून जातं, कोट्यधीशांना काय फरक पडतो! पण आमच्याकडे हीच फूटपट्टी सोयाबीनला लावतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. ज्यांनी हंगामातच माल विकला होता, ते सगळ्यांच्या लेखी 'येडे' ठरले. पुढे त्याच आशेने ज्यांनी साठवून ठेवला, त्यांनी भाव उतरताना पाहिला, आणि मग तेही येडेच! पोरांची फी, बँकेचा हप्ता, घरातली साठवायची जागा हे बघून घेतलेला निर्णय शहाणपणाचाच असतो, भाव कुठेही जावो. तो माणूस मात्र घरच्यांसमोर वर्षानुवर्षं मान खाली घालून बसतो.

आपल्या ऑफिसातही तेच. रिलीज फसली की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'कोणाचा निर्णय होता?' आणि नशिबाने वाचली की अप्रेझलला टाळ्या. मग पुढच्या वेळी कोणी निर्णयच घेत नाही, सगळे मेलवर मेल टाकून स्वतःला सुरक्षित करतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं ओठांवर आलं, तर एवढंच विचारा: तेव्हा समोर काय दिसत होतं? आणि घरी वडिलांना सोयाबीनवरून काही ऐकवायच्या आधी तर नक्कीच विचारा.